तीन दिवस हरवलेले लेकरू



नवरात्रात आणि दत्तजयंतीला माहूरगडावर भरणारी यात्रा आपण सर्वांनी पाहिली आहे. त्या गर्दीत दर थोड्या वेळाने ध्वनिक्षेपकावरून एक सूचना ऐकू येते. अमुक रंगाचे कपडे घातलेले लेकरू सापडले आहे, आईवडिलांनी येऊन घेऊन जावे. आपण ऐकतो आणि पटकन आपल्या लेकराचा हात घट्ट धरतो. यात्रेत लेकरू हरवू शकते हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून आपण सावध असतो. घरी आलो की हात सोडतो. घरात कोण हरवणार?

जपमाळेतील आनंदाचे पाचवे रहस्य आपण दर सोमवारी आणि शनिवारी म्हणतो. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात सापडला, ते हे रहस्य. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात ही घटना आहे. तिच्यातील एक गोष्ट आपल्या ध्यानात सहसा येत नाही. येशू मागे राहिला त्या क्षणी मरिया आणि योसेफ यांना काहीच कळले नाही. तो सोबतच्या लोकांत असेल, नातेवाइकांच्या मुलांबरोबर पुढे गेला असेल, असे समजून ते चालत राहिले. एक दिवसाची वाट त्यांनी अशीच चालून काढली. मुक्कामाला शोधाशोध झाली, तेव्हा कळले की लेकरू नाही.

ते निष्काळजी आईवडील होते काय? नाही. जगातील सर्वांत पवित्र घर ते. त्यांची चूक एवढीच झाली की त्यांनी गृहीत धरले.

शेजारच्या खोलीत, पण एक दिवसाच्या वाटेवर

आज आपल्या घरांत काय दिसते? संध्याकाळी आई चुलीपाशी किंवा गॅसपाशी असते, वडील शेतातून किंवा कामावरून येऊन टेकलेले असतात. मुलगा आतल्या खोलीत आहे. कोणी विचारले तर आपण समाधानाने म्हणतो, "घरातच आहे, कुठं जात नाही, मोबाइल बघत बसलाय." पूर्वी पोरगा चौकात दिसला नाही की आईबापांना बरे वाटायचे, तसेच हे. पण तो घरातच आहे काय? त्याच्या हातातील त्या लहानशा पाटीतून तो कोणत्या गावात, कोणत्या माणसांत, कोणत्या भाषेत वावरतो आहे, हे आपल्याला ठाऊक आहे काय? तो भिंतीपलीकडे बसला असेल, पण मनाने आपल्यापासून एक दिवसाच्या वाटेवर गेलेला असू शकतो. आणि आपण तो सोबत आहे असे समजून चालत असतो.

हा मोबाइल आपण हौसेने दिला असे नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाइलवर येऊ लागला. ज्या घरी एकच साधा फोन होता, त्यांनीही उसनवारी करून, कोणी शेळी विकून मोठा फोन घेतला. पुढे शाळा उघडल्या, वर्ग भरू लागले, पण फोन परत गेला नाही. मुले शिकायला नांदेडला, लातूरला वसतिगृहात राहू लागली की फोन हाच आपला आणि त्यांचा धागा होतो. तेव्हा फोन सरसकट वाईट असे आम्ही म्हणणार नाही. प्रश्न हा आहे की त्या फोनवर लेकरू एकटे आहे, की आपण त्याच्या सोबत आहोत?

दोन गावांनी काढलेल्या वाटा

आपल्या महाराष्ट्रातील दोन गावांनी या प्रश्नावर काही केले आहे, ते सांगितले पाहिजे.

पहिले गाव आपल्या जवळचेच, पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातील बान्सी. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथील ग्रामसभेने ठराव केला की अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरू द्यायचा नाही. मुले खेळात आणि नको त्या गोष्टी पाहण्यात गुंतली, अभ्यास मागे पडला, याची चिंता गावाला वाटली होती.

दुसरे गाव सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव. तेथे २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. दीड तासाने पुन्हा भोंगा. मधल्या वेळात मुलांनी अभ्यास करायचा, वाचायचे, घरच्यांनी एकमेकांशी बोलायचे.

दोन्ही गावांचे आपण कौतुक करू या, कारण आपल्या लेकरांची काळजी त्यांनी साऱ्या गावाची मानली. पण यांत एक फरक आहे. पहिल्या वाटेत मोठ्यांनी मुलांना बंधन घातले. दुसऱ्या वाटेत मोठ्यांनी स्वतःलाही तेच बंधन घातले. वडिलांच्या हातातील फोन चालू आणि मुलाचा बंद, असे तेथे नव्हते. ही दुसरी वाट शुभवर्तमानाच्या जास्त जवळची आहे असे आम्हाला वाटते. तरीही एक गोष्ट दोन्ही वाटांनी आपोआप होत नाही. फोन बंद केल्यावर बोलायचे काय, आणि कसे? ते ज्याचे त्यानेच करावे लागते.

आमची चूक

येथे आम्हाला आमचीच एक चूक तुमच्यापुढे ठेवायची आहे. त्या कुटुंबाच्या संमतीने आणि कोणाची ओळख पटणार नाही अशा रीतीने सांगतो. ही गोष्ट पापनिवेदनातील नाही, मिस्सानंतर अंगणात झालेल्या बोलण्यातील आहे.

काही वर्षांपूर्वी एक आई आमच्याकडे आली. म्हणाली, "फादर, पोरगी नीट जेवत नाही, रात्री उठून मोबाइल बघते, काही विचारलं की रडते. तुम्हीच काहीतरी सांगा." आम्ही घाईत होतो, दुसऱ्या गावच्या मिस्साला निघायचे होते. आम्ही सांगितले, "मोबाइल काढून घ्या आणि नऊ दिवस घरी जपमाळ करा." सल्ला ऐकायला धार्मिक होता. आईने तो पाळला. फोन कपाटात गेला, जपमाळही झाली. मुलगी मात्र आणखी मिटत गेली.

पुढे ती मावशीकडे राहायला गेली. मावशी काही न विचारता तिच्याजवळ रात्रभर बसून राहिली, तेव्हा पहाटे ती बोलली. तिच्याच वयाची मुलगी म्हणून कोणीतरी तिच्याशी ओळख वाढवली होती. पुढे तिच्याकडून एक फोटो मागून घेतला. मग धमक्या सुरू झाल्या. आणखी फोटो दे, नाहीतर हा तुझ्या वर्गात पाठवतो. पलीकडे मुलगी नव्हतीच, तो मोठा माणूस होता. मावशीने विचारले, "आईला का नाही सांगितलंस?" तिचे उत्तर आजही आमच्या मनातून जात नाही. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर आधी मोबाइल गेला असता, मग शाळा गेली असती, आणि मग माझं लग्न लावून दिलं असतं."

आम्ही फोन काढून घ्यायला सांगितला, तेव्हा नकळत त्या धमकी देणाऱ्याचेच म्हणणे खरे केले. तो तिला हेच सांगत होता की घरचे तुलाच शिक्षा करतील. आम्ही प्रश्न विचारण्याआधी निकाल दिला होता. त्या मुलीची आम्ही क्षमा मागितली. आई आणि मावशी मिळून पोलिसांकडे गेल्या, धमक्या थांबल्या, मुलगी आज शिकते आहे. पण ते मधले दिवस तिने एकटीने काढले, त्यांचे ओझे आमच्यावर आहे.

मरियेने आधी विचारले

आता पुन्हा मंदिराकडे जाऊ या. तीन दिवसांच्या शोधानंतर लेकरू सापडले. थकलेली, रडलेली आई पुढे आली. तिने काय केले? शुभवर्तमानात मारल्याचा उल्लेख नाही, लोकांसमोर अपमान केल्याचा नाही. तिने विचारले, की बाळा, तू असे का केलेस? आणि आपले दुःख लपवले नाही. तुझा पिता आणि मी व्याकूळ होऊन तुला शोधत होतो, हेही तिने सांगितले. प्रश्न आणि प्रेम तिने एकाच वेळी मुलापुढे ठेवले. तिने योसेफाचे नावही घेतले. म्हणजे ही आई आणि बाप दोघांचीही काळजी होती, हे मुलाला कळले. आपल्याकडे बऱ्याच घरांत "तुझ्या बाबांना सांगू का?" ही धमकी असते. मरियेच्या तोंडी बापाचे नाव आधार म्हणून येते.

येशूने उत्तर दिले. ते त्यांना समजले नाही, असे संत लूक स्पष्ट लिहितो. किती दिलासा आहे यात! मुलाचे जग आपल्याला समजत नाही म्हणून आपण कमी पडलो असे नाही. मरियेलाही सगळे लगेच समजले नाही. पण तिने बोलणे तोडले नाही. सर्व गोष्टी तिने अंतःकरणात जपून ठेवल्या. आणि येशू त्यांच्याबरोबर खाली नाझरेथला गेला, त्यांच्या आज्ञेत राहिला. आधी विचारणे, मग ऐकणे, मग एकत्र चालणे आणि आज्ञापालन, असा हा क्रम आहे. आपण बहुधा आज्ञेपासून सुरुवात करतो आणि ऐकणे राहून जाते.

ख्रिस्तसभेची शिकवणही हीच आहे. २२ फेब्रुवारी २००२ रोजी रोममधील सामाजिक संपर्क माध्यमांच्या परिषदेने इंटरनेटविषयी एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. तेव्हा आपल्या भागात इंटरनेट म्हणजे शहरातील कॅफे एवढेच माहीत होते. त्यात आईवडिलांना सांगितले आहे की मुलांना या जगाची माहिती तुमच्यापेक्षा जास्त असली तरी त्यांना वाट दाखवणे आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणे ही तुमचीच जबाबदारी आहे, त्यासाठी तुम्हाला नवे शिकावे लागले तर चांगलेच. मुलांनी काय पाहिले, काय अनुभवले याविषयी त्यांच्याशी संवाद करा, असेही त्यात आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतिसिया' या कुटुंबविषयक पत्रात लिहिले की अतिरेकी पाळत म्हणजे संस्कार नव्हे. मूल शरीराने कुठे आहे यापेक्षा ते मनाने, श्रद्धेने आणि ध्येयाने कुठे आहे, हा मोठा प्रश्न आहे.

एका मुलीने आईला सांगितले

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत राज्य पोलीस मुख्यालयात सायबर जागृती महिन्याचे उद्घाटन झाले. तेथे अभिनेते अक्षय कुमार यांनी आपल्या घरची गोष्ट जाहीरपणे सांगितली. त्यांची तेरा वर्षांची मुलगी अनोळखी लोकांबरोबर खेळता येणारा एक ऑनलाइन खेळ खेळत होती. पलीकडून आधी गोड बोलणे झाले, मग मुलगा की मुलगी अशी विचारणा झाली, आणि मग नग्न चित्रांची मागणी आली. मुलीने सगळे बंद केले आणि जाऊन आईला सांगितले. शाळेत सातवी ते दहावीच्या मुलांसाठी आठवड्यातून एक तास सायबर शिक्षणाचा ठेवावा, अशी विनंती त्यांनी त्या वेळी मुख्यमंत्र्यांना केली.

या गोष्टीत मुलीला कशाने वाचवले? त्या घरी पैसा आहे, सुरक्षारक्षक आहेत, तरी तो माणूस मुलीच्या हातापर्यंत पोहोचलाच. वाचवले ते एका गोष्टीने. आईला सांगितले तर आई माझ्या बाजूने उभी राहील, हा विश्वास तिला होता. हा विश्वास विकत मिळत नाही. तो झोपडीतही असू शकतो आणि बंगल्यातही नसू शकतो. तो आपल्या लेकरांना आहे काय, हे आज प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

काय बोलावे?

फादर, आम्ही शिकलेलो नाही, आम्हाला त्यातले कळत नाही, असे बरेच जण म्हणतात. कळायला हवेच असे नाही. लेकरालाच म्हणा, "मला दाखव, तू काय खेळतोस, कोणाशी बोलतोस." आपण शिष्य झालो की मूल आनंदाने गुरू होते आणि बोलता बोलता सारे सांगते. मग या पाच गोष्टी त्याच्या कानावर घाला. एका दिवसात नाही, जेवताना, कापूस वेचताना, बसची वाट पाहताना.

१. पडद्यावर जो स्वतःला मुलगी म्हणवतो तो मुलगी असेलच असे नाही. प्रत्यक्ष न ओळखणाऱ्याला आपले नाव, गाव, शाळा, घरचा पत्ता द्यायचा नाही.

२. अंगावर कपडे नसलेला फोटो कोणीही मागितला, ओळखीच्याने, प्रेम करतो म्हणणाऱ्याने मागितला, तरी द्यायचा नाही. मागणाराच गुन्हेगार आहे. आपल्या देशात २०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालील मुलांच्या रक्षणासाठी आहे आणि त्यात पीडित मुलाचे नाव प्रसिद्ध करता येत नाही.

३. चूक होऊन गेली असेल, फोटो गेला असेल, पैसे गेले असतील, तरी घरी सांग. आम्ही मारणार नाही, शाळा सोडवणार नाही. हे वाक्य मोठ्याने, स्पष्ट शब्दांत बोला. मुलांना ते आपोआप कळत नाही. आणि बोललात तर पाळा.

४. ओटीपी, बँकेचा क्रमांक, आजीच्या खात्यावरील पैसे यांना हात लावायचा नाही. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा केला आहे. झटपट पैसा मिळेल असे सांगणाऱ्या खेळात शेवटी घरच जाते.

५. दुसऱ्याची चेष्टा करणारे, जातीधर्मावरून विष पेरणारे संदेश आणि कोणाचेही खासगी फोटो पुढे पाठवायचे नाहीत. आपले लेकरू केवळ बळी ठरू शकते असे नाही, ते दुसऱ्याला दुखवूही शकते. दहा आज्ञा मोबाइलवरही लागू आहेत.

मदतीचे क्रमांक घरात भिंतीवर लिहून ठेवा. ऑनलाइन फसवणूक आणि सायबर गुन्ह्यासाठी १९३०, संकटातील मुलांसाठी १०९८. धमकीचे संदेश घाबरून पुसू नका, तो पुरावा आहे.

ज्याच्याकडे फोन नाही, तेही लेकरू

जानेवारी २०२५ मध्ये, संक्रांतीच्या तोंडावर, आपल्याच नांदेड जिल्ह्यातील बिलोली तालुक्यात मिनकी या गावी एका शेतकऱ्याच्या घरी घडले ते आपण वाचले असेल. शिकण्यासाठी बाहेर राहणारा मुलगा सणाला घरी आला. त्याने नवे कपडे आणि मोबाइल मागितला. कर्जात असलेल्या बापाला ते जमले नाही. मुलाने जीव दिला आणि ते पाहून बापानेही. आम्ही कोणालाही दोष देत नाही. माणसाच्या मनात शेवटच्या घडीला काय होते ते परमेश्वरच जाणतो. त्या दोघांना आपण त्याच्या दयेवर सोपवू या.

पण आपल्या घरात मूल काही मागते तेव्हा ते केवळ वस्तू मागते काय? "सगळ्यांकडे आहे, माझ्याकडे नाही" हे त्याचे दुखणे असते. आणि बापालाही नाही म्हणताना लाज वाटते, म्हणून तो ओरडतो किंवा गप्प बसतो. बाबांनो, लेकरापासून गरिबी लपवू नका. त्याला जवळ बसवून सांगा की यंदा कापसाला काय भाव मिळाला, कर्ज किती आहे, फोन कधी घेता येईल. लेकराला आपण समजतो त्यापेक्षा जास्त कळते. आणि घरात कोणी फारच खचलेले दिसले तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येते. आमच्या दारावरही कोणत्याही वेळी या. या वेळी आम्ही घाई करणार नाही.

तरुणांनो, तुमच्यासाठी

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी कार्लो अकुतिस याला संत घोषित केले. १९९१ मध्ये जन्मलेला हा मुलगा २००६ मध्ये, पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने वारला. त्याला संगणकाचे वेड होते. पवित्र मिस्सातील चमत्कारांची माहिती जगाला मिळावी म्हणून त्याने संकेतस्थळ बनवले. त्याला खेळही आवडत, पण आठवड्याला एक तास एवढीच मर्यादा त्याने स्वतःला घालून घेतली होती. कोणी त्याच्या हातातून यंत्र हिसकावले नव्हते. तो स्वतःचा धनी होता. तुम्हीही तसे होऊ शकता. आणि काही अडले, घाबरलात, चुकलात, तर घरी सांगा. घरी सांगता येत नसेल तर मावशी, आजी, शिक्षिका, धर्मभगिनी, यांपैकी एकाला तरी सांगा. एकटे राहू नका.

या आठवड्यात

बंधू-भगिनींनो, आपल्या गावात भोंगा नाही. पण प्रत्येक घरात जपमाळ आहे. या आठवड्यात रोज संध्याकाळी एक तास घरातील सर्व फोन, आईबाबांचेही, क्रूसाजवळ किंवा पवित्र मरियेच्या तसबिरीजवळ ठेवू या. जपमाळ म्हणू या, एकत्र जेवू या आणि प्रत्येक लेकराला एकच प्रश्न विचारू या, "आज तुला काय आवडलं, कशाची भीती वाटली?" मग गप्प बसून ऐकू या. पहिल्या दिवशी ते काही बोलणार नाही. मरियेला तीन दिवस लागले. आपल्यालाही लागतील.

हे प्रभू येशू, तूही बारा वर्षांचा होतास. तुझ्या आईने तुला शोधले, तसे आमच्या लेकरांना शोधण्याचे धैर्य आम्हांला दे. आमच्या जिभेला घाई आणि हाताला राग आवरायला शिकव. जी लेकरे आज रात्री भीतीने जागी आहेत, त्यांना सांगायला एक तरी कान मिळू दे. आणि सापडलेले प्रत्येक लेकरू तुझ्यासारखे ज्ञानाने, शरीराने आणि देवाच्या व माणसांच्या कृपेत आमच्या घरात वाढू दे. आमेन.